ओटीच्या आतून

श्रावणात गावच्या पाण्याच्या टाकीवरून
आमचे बुवा घसरले, आणि पाय गेला प्लास्टरात.
पहिले आठ दिवस त्यांनी कवेलू मोजले,
दोनशे सतरा, त्यातले फुटके एकोणीस.
नवव्या दिवशी म्हणाले,
"मले काईतरी दे व हातात,
नाई तं मी या भिताडाचे पोपडेच काढतो."

मी लसणाची टोपली दिली.
ती दुपारपर्यंत संपली.

तेवढ्यात रोशनीनं माळ्यावरून नंदी काढला,
तान्ह्या पोळ्याचा, लाकडी, मागचं एक चाक गेलेला.
बाबाजवळ ठेवून म्हणाली, "जोडी जमली."
मग कार्यानुभवाच्या तासाला शिकलेले
अडीच टाके तिनं बापाला शिकवले:
धावदोरा, साखळी,
आणि माशाचा काटा, अर्धा,
कारण त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती.

पाण्याचे व्हॉल फिरवून फिरवून
पान्यासारखे झालेले ते हात.
सुई त्यांत दिसायचीच नाही.
वाटायचं, माणूस नुसता चिमटीनं
हवेतलं काहीतरी वेचतो आहे.
बोट टोचलं की शिवी,
शिवी दिली की रोशनीची पट्टी.

माझ्या जुन्या हिरव्या परकराची झूल झाली,
चहाच्या पुड्यांची चांदी कापून आरसे,
शिंगांना फुटक्या बांगड्या.
बक्षीस मिळालं नागपूरहून आणलेल्या मोठ्या नंदीला,
ते मिळणारच होतं.
पण गिरजा मडावीच्या सासूनं
आमच्या नंदीची झूल उचलली, उलटी केली,
डोळ्याजवळ नेली आणि एवढंच म्हणाली,
"मांगून साफ हाय."

झालं.
त्या दिवसापासून घरात काही कोरं राहिलं नाही.
उशीवर पोपट, जो भोपळ्यासारखा दिसतो.
युरियाच्या पोत्याच्या पायपुसण्यावर सूर्य,
त्याच्यावर पाय ठेवायला पाहुणे बिचकतात.
मच्छरदाणीला सात भोकं होती,
प्रत्येक भोकावर त्यांनी एकेक काळी माशी भरली.
रात्री रोशनी टॉर्च मारून त्यांना नावं ठेवते,
एकीचं नाव माझं आहे.

नानाजी न्हावी दाढी करायला आला, म्हणाला,
"काहो बुवा, मेंदी कधी लावता?"
बुवांनी त्याचं शर्ट काढायला लावलं
आणि तुटलेल्या गुंडीच्या जागी
लाल दोऱ्यानं गुंडी लावून दिली.
पांढऱ्या शर्टावर लाल.
तो तसाच फिरतो अजून.

नवरात्रात प्लास्टर निघालं.
पाय बारीक झाला होता, सोललेल्या पळाटीसारखा.
बुवा लंगडत टाकीवर जायला लागले,
सुईदोऱ्याचा डबा खिडकीत गेला,
मला वाटलं, संपलं.

पहिल्या वेच्याला सीतादही केली,
दहीभात पऱ्हाटीच्या बुडाशी ठेवला,
कमरेला ओटी बांधली.
पहिलं बोंड आत टाकताना
हाताला काहीतरी लागलं.
खडबडीत. एकाखाली एक गाठी.
बायका पुढे गेल्या, मी तासात उभी.
काढून पाहिलं नाही.
दिवसभर कापूस टाकत गेले
आणि दर मुठीला बोटांनी चाचपत गेले:
हे वळण कशाचं, हे थेंबासारखं काय.

मोजून झाल्यावर ओटी झटकली, उलटी केली.
आत एक नळ.
आमच्या चौकातला, वाकडा, तोच,
आणि त्यातून गळणारं निळं पाणी,
थेंब, थेंब, चौदा थेंब.
पंधरावा अर्धाच.
दोरा तसाच लोंबत होता.

रात्री जेवताना म्हटलं,
"पाणी मध्येच बंद केलं काहो?"
ते भाकर मोडत राहिले.
"निळा दोरा सरला."

घाटंजीचा बाजार
अजून चार दिवस आहे.